फॉरमॅट मारू नका म्हणलं मी

शमीमबी, टायपिंग आणि संगणक दुरुस्ती, लातूर. त्यांनी सांगितलं तसं लिहून घेतलं.

आमचं मूळ उदगीरचं, पण अब्बा लातूरला आले टाइपरायटर दुरुस्तीच्या धंद्याला आणि मी जन्मले ती गंजगोलाईच्या बाजारामागच्या खोलीत, खाली दुकान, वर आम्ही. आई धर्माबादची. तिथली मिरची तुम्हाला ठाऊक असंल, तर माझा गुस्सा कुठून आला ते सांगायला नको. हे आधीच सांगून ठेवते, कारण बोलता बोलता मी चिडणार हाय, तवा तुम्ही पेन थांबवू नका, मी तुमच्यावर चिडून न्हाई राहिले. ज्यांच्यावर चिडून राहिले त्यांना हे वाचायला बी फुरसत न्हाई.

अब्बांकडं पार नांदेड, बिलोलीकडच्या कचेऱ्यांच्या मशिनी यायच्या. मराठी मशीन खोलणारा माणूस तवा हुडकून सापडत नव्हता. मला त्यांनी सातवीत बसवलं मशीनवर, डोळ्याला ओढणी बांधून, हां, खरंच सांगते, ओढणी बांधून, क कुठं हाय, र कुठं हाय, काना कुठं हाय, आणि चुकलं की बोटावर पट्टी. अजून बी तुम्ही एखादा शब्द बोललात की माझी बोटं आधी हालतात, अर्थ मग कळतो. आणि अब्बांचा एक कायदा होता. मशीन अडकून आली की लोक पहिलं काय करतात, रोलरमधला कागद टरकन ओढून काढतात. अब्बांना ते बिलकुल खपायचं न्हाई. म्हणायचे, मशीन काय, आज न्हाई तर उद्या चालंल, पण त्या कागदावर कुणीतरी काहीतरी लिहून राहिलं होतं, आधी कागद सोडवा. अर्धा घंटा घालवतील पण कागद अख्खा काढतील. मला तवा वाटायचं हा माणूस खुळा हाय.

मग भूकंप झाला. लोक गणपती बुडवून झोपले होते त्या पहाटे. आमच्या मांडणीवरच्या मशिनी धडाधड खाली आल्या, बस, आमचं तेवढंच नुकसान. खालच्या अंगाला गावंच्या गावं गेली. चार दिवसांनी निरोप आला की मराठी टायपिंग येणारे पाहिजेत, याद्या करायच्यात. मी एकोणीस वर्षांची होते, अब्बा म्हणले जा. मंडपात टेबल, टेबलावर मशीन, समोर लोकांची रांग, आणि मी मेलेल्यांची नावं टाइप करून राहिले, कार्बन घालून पाच प्रती. काय सांगू तुम्हाला, तिथला एक साहेब म्हणायचा, बाई, नाव कळत नसंल तर नुसतं स्त्री लिहा, वय अंदाजे लिहा, पुढं चला. पुढं चला म्हणे! रांगेतला माणूस समोर उभा हाय, त्याच्या बायकोचं नाव हाय की, दोन मिनिटं थांबायला काय झालं होतं? पण मी एकोणीस वर्षांची, मी काय बोलणार. लिहिलं मी. तसं बी लिहिलं. त्याचा राग मला अजून हाय आणि त्यात अर्धा माझ्यावरच हाय.

तिथं गुरुजी भेटले. गावातल्या शाळेवर मास्तर होते. रोज यायचे आणि यादीतली चुकलेली नावं दुरुस्त करून मागायचे, हा दगडू न्हाई दगडोबा, ही कोंडाबाई न्हाई कोंडूबाई. साहेब वैतागायचा, गुरुजी हात जोडून उभेच. पाचव्या दिवशी सगळ्या गावाची नावं झाल्यावर म्हणले, बाई, आता एक आमच्या घरचं बघा, बरोबर लिहिलंय का. छाया, वय सात. बरोबर होतं. हाव म्हणले आणि गेले. त्यांचं थोरलं पोरगं दिलीप तवा लातूरला खोली करून अकरावीच्या क्लासला होतं म्हणून वाचलं, आणि गुरुजी आणि त्यांची बायको, मी काकू म्हणते त्यांना, अंगणात होते म्हणून वाचले. पोरगी आत होती.

पुढं माझं लग्न नांदेडला झालं आणि चार वर्षांत संपलं, त्याचं मी सांगत न्हाई, तुम्ही विचारू बी नका. नांदेडनं मला एकच चांगली गोष्ट दिली, एका छापखान्यात मी कॉम्प्युटरवर मराठी टाइप करायला शिकले. त्या मराठीचं असं होतं की ती खरी मराठी नव्हतीच. म्हणजे आत, पोटात, मशीनला इंग्रजी अक्षरंच ठाऊक. आपण के दाबली की ती केच ठेवायची, पण वरून मराठी फॉन्टचा बुरखा घातला की आपल्याला काना दिसायचा. डी म्हणजे क, जे म्हणजे र. फॉन्ट काढून घेतला की सगळी आडवीतिडवी इंग्रजी अक्षरं, बघणाऱ्याला वाटावं पोरानं कळा बडवल्यात. मला न्हाई वाटायचं तसं. कळा त्याच होत्या ना, अब्बांच्या मशीनवरच्याच. फॉन्ट नसला तरी मी वाचायची. छापखान्यातली माणसं हसायची, मी आपली वाचायची.

लातूरला परत आले तवा इथं क्लासचं पीक आलं होतं. गल्लीत क्लास, जिन्यात क्लास, गच्चीवर पत्रे टाकून क्लास. सगळ्या महाराष्ट्राची पोरं डॉक्टर व्हायला इथं, आणि त्यांच्या नोट्स टाइप करायला मी. एका क्लासमध्ये सहा वर्षं होते. तिथला कॉम्प्युटर बिघडला की सर एका इंजिनिअरला बोलवायचे, तो यायचा, चहा प्यायचा, आणि म्हणायचा फॉरमॅट मारावा लागंल. झालं! बटण चालंना, फॉरमॅट. प्रिंटर ऐकंना, फॉरमॅट. दर वेळेला माझ्या महिनाभराच्या नोट्स साफ, आणि वरून सर मलाच, मॅडम, तुम्ही जपून का ठेवत न्हाई. मग मीच शिकले. पुस्तकं आणली, कव्हर उघडलं, बोटं भाजून घेतली. एकदा मी दुरुस्त करून दिला तर सर म्हणाले, इंजिनिअरनी फोनवर सांगितलं का तुम्हाला? त्याच महिन्यात सोडलं मी ते. अब्बांच्या दुकानात माझा बोर्ड लावला. अब्बा तवा खाटेवरच होते, पडूनच बोर्ड बघितला त्यांनी.

त्याच दुकानात एक दिवस गुरुजी आले. रिटायर झालेले, गावाकडचं सोडून लातूरला भाड्यानं राहायला आलेले. मला म्हणले, बाई, मला टायपिंग शिकायचंय. साठी उलटलेला माणूस आणि शाळेतली लेकरं बाईंना हाक मारतात तसं मला बाई म्हणायचा. दिलीपनं पुण्याहून कॉम्प्युटर पाठवला होता. कशाला शिकता गुरुजी, म्हणलं, तर पिशवीतनं अकरा वह्या काढल्या. जुनं गाव होतं त्यात. गल्लीवार, घरवार. कुठलं दार कुणीकडं, कुणाच्या दारात काय झाड, वरचं मातीचं माळवद किती खणांचं, घरात कोण कोण, त्या पहाटे कोण कुठं निजलं होतं, कोण निघालं, कोण न्हाई. नवं गाव बांधून दिलं सरकारनं, सरळ रांगा, घरांना नंबर. गुरुजी म्हणायचे, नवं गाव मिळालं ते बरं झालं, पण जुनं कसं होतं ते आता लेकरांना कोण दाखवणार. वाचलेल्या एकूण एक माणसाकडं जाऊन त्यांनी विचारलं होतं. कुणी दोनदोन वर्षं बोललं न्हाई तर दोनदोन वर्षं परत परत गेले.

दोन बोटांनी टाइप करत करत पाच वर्षं लावली त्यांनी. त्यांच्या मशीनवर मराठी फॉन्ट मीच घातला. डिस्कचे दोन भाग पाडून दिले, सी आणि डी, म्हणलं गुरुजी, गाव डीमध्ये ठेवायचं, सीमध्ये कायबी ठेवायचं न्हाई, बिघडतं ते सी बिघडतं. आणि इथं माझी चूक सांगते, लपवणार न्हाई. त्या मशीनबरोबर सीडी आल्याच नव्हत्या. कंपनीनं सगळं परत पहिल्यासारखं करायचं सामान डिस्कच्याच एका लपलेल्या कोपऱ्यात ठेवलं होतं. मला वाटलं, रिकामा पडलाय कोपरा, खामखा जागा अडवून राहिलाय. मी तो पुसून डीला जोडून दिला. हुशारी केली मी.

वह्या? वह्या दिलीपनं घातल्या रद्दीत. घर बदलताना. बाबा, आता कॉम्प्युटरमध्ये हाय ना सगळं. गुरुजी त्याला कायबी बोलले न्हाईत. मला असा राग आला होता, पण माझा काय हक्क.

गुरुजी गेले झोपेत. त्यानंतर काकू काय करायच्या, रोज सकाळी दहाला, त्यांची बसायची वेळ ती, कॉम्प्युटर चालू करायच्या, तो सुरू होताना एक सूर वाजतो बघा, तो ऐकायच्या, पडद्याकडं बघत बसायच्या, आणि मग भिंतीवरचं बटण खट् करून बंद. रेडिओ बंद करतात तसं. कुणी सांगितलंच न्हाई त्यांना की ह्याला असं बंद करायचं नसतं. तीन महिने रोज. शेवटी एक दिवस सूर वाजला न्हाई, काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी ओळ आली आणि तिथंच थांबलं. काकूंना मी कधी एका शब्दानं बोलले न्हाई. बोलायचं तर दिलीपला बोलायचं, आई एकटी बसती तिथं, एकदा दाखवायला काय होत होतं.

काकूंनी त्याला फोन केला, त्यानं पुण्यातनंच इथल्या एका मोठ्या दुकानाला फोन केला, दुकानानं इंजिनिअर पाठवला. दिलीपला वाटलं झालं काम. इंजिनिअर आला, सीडी मागितली, काकू म्हणल्या सीडी न्हाई. त्यानं लपलेला कोपरा हुडकला, तो मी पुसलेला. मग त्यानं काय विचारलं का की बाई, यात काय हाय? कुणाचं हाय? कायबी न्हाई. स्वतःजवळची सीडी घातली आणि सी फॉरमॅट. सूर वाजला, काकू खूश. मग त्यानं डी उघडून दाखवलं तर गुरुजींचं सगळं गाव आडव्यातिडव्या इंग्रजी अक्षरांत. सीबरोबर फॉन्ट गेलेला ना! तर हा शहाणा म्हणतो, आजी, व्हायरसनं सगळी अक्षरं खाल्ली, हे बी साफ करावं लागंल. लातूरचा पोरगा, मराठी आईबापाचा, आणि त्याला मराठी कशी दिसती ते ठाऊक न्हाई!

काकूंनी एवढं केलं की तारेची पिन भिंतीतनं उपसली. म्हणल्या, आधी शमीमला विचारते. कोण शमीम, म्हणला तो, ती टायपिंगवाली? हाव. ती टायपिंगवाली. मला फोन आला तवा तो तिथंच होता, मी म्हणलं त्याला द्या फोन, आणि म्हणलं, फॉरमॅट मारू नका, एका कळेला बी हात लावू नका. तो म्हणला, मॅडम, यात काय उरलं न्हाई. मी म्हणलं, तुम्ही निघा तिथनं. आणि अजून एक बोलले, ते तुम्ही लिहू नका.

काकू रिक्षात कॉम्प्युटरचा डबा घेऊन आल्या, गुरुजींच्या पांघरुणात गुंडाळलेला, मांडीवर. मी लावला, फाइल उघडली, आणि मोठ्यानं वाचायला लागले. मारुतीच्या देवळापासून पहिलं घर, दार उत्तरेला, दारात शेवगा. काकू माझ्या तोंडाकडं बघायला लागल्या, पडद्यावर तर कायतरी भलतंच दिसून राहिलं होतं. माझ्या मशीनवरचा फॉन्ट तिथं घातला आणि सगळं गाव क्षणात मराठी झालं. काकूंनी पडद्याला हात लावला. मग म्हणल्या, आमचं घर दाखव.

त्यांचं घर नव्हतं. सगळ्या गल्ल्या होत्या, शेवटची नव्हती. काकू म्हणल्या, शेवटी शेवटी तेच लिहून राहिले होते, तिथं समोरच असायचं, चालू केलं की दिसायचं. तवा माझ्या ध्यानात आलं. डेस्कटॉपवर ठेवलेलं. डोळ्यासमोर असावं म्हणून. पन्नास वेळा सांगितलेलं सीमध्ये ठेवू नका, पण डेस्कटॉप म्हणजे सीच असतो हे मी सांगितलंच न्हाई त्यांना. आणि सीवर त्या शहाण्यानं आपला संसार मांडलेला.

तवा मला अब्बा आठवले. म्हणलं मशीन गेली खड्ड्यात, आधी कागद. डिस्क काढली, माझ्या मशीनला दुसरी म्हणून जोडली, तिच्यावर एक अक्षर लिहायचं न्हाई, नुसतं वाचायचं. फॉरमॅट मारला म्हणून अक्षरं लगेच जात न्हाईत, नुसता त्यांचा पत्ता जातो, त्यांच्यावर दुसरं काय पडलं न्हाई तोवर ती तिथंच असतात. पण एवढ्या मोठ्या डिस्कमध्ये हुडकायचं कसं? तर छाया म्हणजे कुठल्या कळा? मोठा एन, के, सेमिकोलन, के. त्या चार अक्षरांना हुडकायला लावलं. सकाळी लावलं, दुपार झाली, कायबी न्हाई. परत लावलं. न्हाई. मी कपाळाला हात लावून बसले. काकू बाजूला स्टुलावर. सहज विचारलं, काकू, गुरुजी पोरीला छायाच म्हणायचे का? तर म्हणल्या, न्हाई गं, ते नाव शाळेतलं. घरात छबी.

मोठा एन, छोटा सी, छोटा एच. पहिल्यांदा नुसता कचरा आला, भलभलतं. एकेक बघत गेले. एकविसाव्या कचऱ्यात ओळ दिसली आणि मी फॉन्ट लावायच्या आधीच वाचली. आमची छबी. दोन दिवस लागले. कुठं अर्धं पान, कुठं चार ओळी, तेच दोनदा, एक तुकडा गेलाच, तो गेला. बाकीचं जोडून काढलं. तिसऱ्या दिवशी दुपारी काकूंना बसवलं आणि वाचून दाखवलं.

गुरुजींनी लिहिलं होतं, दार पूर्वेला, चार खणांचं माळवद, अंगणात तुळस आणि रांजण. त्या रात्री आम्ही अंगणात निजलो होतो. छबीला खोकला होता. दव पडेल म्हणून मी तिला उचलून आत नेऊन निजवले.

काकू म्हणल्या, खोटं हाय.

म्हणलं, काय?

म्हणल्या, मी नेलं आत. ते म्हणले होते राहू दे, बाहेर गार वाटतंय तिला. मी ऐकलं न्हाई. मी उचलली.

मग काकू म्हणल्या, बदल ते. मी म्हणलं, काकू, गुरुजींचं लिहिलेलं हाय, मी कशी बदलू, आणि इतकं मरमर करून काढलंय. तर त्या म्हणल्या, इतकी वर्षं एका शब्दानं बोलले न्हाईत मला. माझं ओझं त्यांनी उचललं, आणि लिहिताना बी स्वतःवरच घेतलं. सगळ्या गावाचं खरं लिहिलं आणि घरचं तेवढं खोटं? आता ते गेले. आता माझं मला दे, शमीम.

मी रडले, सांगायला लाज न्हाई. रडत रडत टाइप केलं. छबीला तिच्या आईने, सरस्वतीने, उचलून आत नेऊन निजवले. वडील नको म्हणाले होते. काकूंनी तीनदा वाचून घेतलं माझ्याकडनं. मग पदरानं तोंड पुसलं आणि म्हणल्या, आता गाव पुरं झालं.

मशीन बी मग नीट करून दिली, एका ओळखीच्याकडनं सीडी आणून, सगळं सावकाश, आणि बंद कसं करायचं ते काकूंना हात धरून शिकवलं. गावाच्या चार सीडी केल्या, चार घरांत ठेवल्या. कागदावर छापून स्पायरल बी केलं. भूकंपाच्या दिवशी नव्या गावात लोक जमतात, तिथं ते वाचतात आता, एकेक गल्ली.

आणि दिलीपचा फोन आला. शमीमताई, ती ओळ काढा. आई म्हातारी हाय, तिला समजत न्हाई, लोक काय म्हणतील, बाबांनी लिहिलं होतं तसंच ठेवा. बाबांची आठवण आली बघा ह्याला! मी म्हणलं, वह्या तुम्ही रद्दीत घातल्या, डिस्क तुमच्या इंजिनिअरनं पुसली, आता आईनं स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं बी पुसायचं? तर म्हणला, तुम्ही बाहेरच्या आहात, आमच्या घरातलं तुम्हाला काय कळणार. हाव, म्हणलं, बाहेरचीच हाय मी. पण तुमच्या बहिणीचं घरातलं नाव घेऊन अख्खी डिस्क मी चाळली, तुम्ही न्हाई. फोन ठेवून दिला त्यानं. तरी दर वर्षी तो दिवस जवळ आला की करतो. ह्या वर्षी बी करंल.

काकूंना तो पुण्याला घेऊन गेलाय. चांगलं ठेवतो, तसं मी खोटं बोलणार न्हाई. अब्बा गेले, दुकान हाय, आता कॉम्प्युटर कमी आणि मोबाइलच जास्त येतात, मराठी बी आता खरीखुरी झाली, बुरखा लागत न्हाई. माझं बरं चाललंय. गुस्सा काही कमी झाला न्हाई, तो असू दे, अल्लानं मला तेवढंच भरपूर दिलंय. काकूंना तो लई आयुष्य देवो. महिन्या-दोन महिन्यांनी सुनेच्या मोबाइलवरनं त्यांचा फोन येतो. आता कानाला कमी ऐकू येतं, गप्पा होत न्हाईत. तब्येत विचारली तर भलतंच उत्तर देतात. एकच विचारतात, हाय का गं मी सांगितलेलं तसंच? मी जोरात वरडून सांगते, हाय काकू, तसंच हाय. मग त्या फोन ठेवतात.